दूध आणि हाडांचा जमाखर्च

आपल्या भाषेने हाडाला मोठा मान दिलेला आहे. जो मनापासून शेती करतो तो हाडाचा शेतकरी. ज्याला शिकविल्यावाचून चैन पडत नाही तो हाडाचा शिक्षक. एखादी सवय पक्की झाली की ती हाडीमासी खिळली, असे आपण म्हणतो. या साऱ्या वाक्प्रयोगांच्या मुळाशी एक समजूत आहे. मांस झडते, कातडी सुरकुतते, केस पिकतात. परंतु हाड एकदा घडले म्हणजे जन्मभर तसेच राहते, ही ती समजूत. जुन्या वाड्याचे सागवानी खांब जसे तीन पिढ्या उभे असतात, तसाच हा देहाचा सांगाडा आपणांस वाटतो.

शरीरशास्त्राचा निर्वाळा याहून वेगळा आहे. हाड जिवंत असते आणि त्याची मोडतोड व बांधणी अहोरात्र चालू असते. त्यात एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवून पोखरीत असतात. त्यांना अस्थिभंजक पेशी म्हणतात. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या पेशी येतात, त्या अस्थिजनक. त्या प्रथम प्रथिनाचे जाळे विणतात आणि मग त्या जाळ्यात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बारीक स्फटिक बसवितात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी अशा रीतीने नवा होत असतो. गेल्या दहा वर्षांत आपण घर बदलले नसेल, पण आपल्या अंगातील हाडे बव्हंशी बदललेली आहेत.

मी वैद्य नाही. विद्यार्थिदशेत अर्थशास्त्र शिकलो आणि पुढे सरकारी नोकरीत जमाखर्चाच्या कागदांशी गाठ पडली. म्हणूनच असेल कदाचित, हाडांची ही कथा मला खजिन्याच्या कथेसारखी वाटते. प्रौढ मनुष्याच्या शरीरात एक किलोच्या आसपास कॅल्शियम असते आणि त्यांपैकी ९९ टक्के हाडांत व दातांत साठविलेले असते. उरलेला एक टक्का रक्तात व इतर पेशींत असतो. परंतु सारा दैनंदिन व्यवहार चालतो तो या एका टक्क्यावर. हृदयाचा ठोका, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंतून जाणारे संदेश, जखमेतील रक्त गोठणे, ही सर्व कामे कॅल्शियमवाचून अडतात. रक्तद्रवाच्या दर १०० मिलिलिटरमध्ये साधारण ९ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असावे लागते. हे प्रमाण फार घसरले तर स्नायूंना पेटके येतात, हातपाय वाकडे होतात, हृदयाची लयही बिघडू शकते.

तेव्हा शरीर या रकमेला धक्का लागू देत नाही. आपल्या गळ्यात अवटू ग्रंथीच्या मागे चार इवल्याशा परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम किंचित कमी होताच त्या आपला स्राव सोडतात. त्या हुकमाने मूत्रपिंडे कॅल्शियम राखू लागतात, ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तयार होऊन आतडी अन्नातून अधिक कॅल्शियम शोषू लागतात, आणि तरीही तूट भरून निघाली नाही तर हाडांच्या खजिन्यातून रक्कम उचलली जाते. ही उचल विनातक्रार मंजूर होते. ज्याच्या खात्यातून ती होते त्याला तिची सूचना मिळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, वजन कमी होत नाही. रक्त तपासले तरी कॅल्शियम बहुधा ठीकच दिसते, कारण ते ठीक राहावे म्हणूनच तर ही उचल झालेली असते. वर्षानुवर्षांची ही तूट एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरल्यावर उघडकीस येते. खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळलेली किती वृद्ध माणसे पुन्हा पूर्वीसारखी चालू लागतात, हे ज्या घरांनी अनुभवले आहे त्यांना सांगावयास नको.

या खात्यात शिल्लक टाकण्याचा काळही ठरलेला आहे. बाल्य व कौमार्य ही मोठ्या ठेवीची वर्षे होत. तिशीच्या सुमारास शिल्लक सर्वांत अधिक असते. तेथून पुढे काही काळ जमा आणि खर्च बरोबरीने चालतात व मग खर्चाची बाजू जड होऊ लागते. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतरची काही वर्षे विशेष कठीण. अस्थिभंजक पेशींना लगाम घालणारे स्त्रीशरीरातील अंतःस्राव त्या वेळी ओसरतात आणि हाडांची झीज झपाट्याने वाढते. त्यामुळे वीस वर्षांच्या मुलीच्या ताटात काय पडते, यावर ती सत्तर वर्षांची झाल्यावर कशी चालेल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

आता दुधाकडे वळू. दूध वासरासाठी निर्माण झालेले असते, आणि वासराला थोड्या महिन्यांत सबंध सांगाडा उभारावयाचा असतो. निसर्गापुढे येथे एक अडचण होती. कॅल्शियम आणि फॉस्फेट ही दोन्ही द्रव्ये पाण्यात भरपूर प्रमाणात एकत्र आली की त्यांचा साका होऊन तळाशी बसतो. कासेतच असे झाले तर दुधाऐवजी दगड तयार होतील. या अडचणीवरचा तोडगा म्हणजे केसीन हे प्रथिन. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन असते. या केसीनच्या रेणूंचे अतिसूक्ष्म गोळे बनतात आणि त्यांच्या पोटात कॅल्शियम-फॉस्फेटचे कण बाळगलेले असतात. दुधातील कॅल्शियमचा दोन तृतीयांश भाग असा गोळ्यांतून वाहून नेला जातो. दुधाचा पांढरा रंगही बराचसा या गोळ्यांवरून विखुरणाऱ्या प्रकाशामुळेच दिसतो.

दूध पोटात गेल्यावर पाचकरस केसीनच्या लांब साखळीचे तुकडे करतात. ॲमिनो अम्लांच्या या आखूड तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. केसीनच्या साखळीवर काही ठिकाणी फॉस्फेटचे अंश दाटीने बसलेले असतात. तेथून सुटलेले पेप्टाइड कॅल्शियमला धरून ठेवतात. याला महत्त्व अशासाठी, की जठरातील आम्लात कॅल्शियम विरघळलेले असले तरी पुढे लहान आतड्यात आम्लता कमी होते व तेथे त्याचा पुन्हा साका होण्याचा संभव असतो. साका झालेले कॅल्शियम शोषले जात नाही. ते जसे आले तसे बाहेर जाते. हे पेप्टाइड त्याला विरघळलेले राखू शकतात.

या पेप्टाइडांकडे प्रथम लक्ष वेधले ते स्वीडनमधील मेलांडर या संशोधकाने. मुडदूस झालेल्या अर्भकांना केसीनपासून काढलेले फॉस्फेटयुक्त पेप्टाइड दिले असता, ड जीवनसत्त्व न देताही त्यांच्या हाडांत कॅल्शियम भरले जाते, असे त्याने १९५० साली नोंदविले. मुडदुसावर ड जीवनसत्त्वावाचून इलाज नाही असे मानले जाण्याच्या त्या काळात ही नोंद कुतूहल चाळविणारी होती. पुढील दशकांत या विषयावर पुष्कळ प्रयोग झाले. परीक्षानळीत हे पेप्टाइड अपेक्षेप्रमाणे वागले. माणसांत मात्र निकाल एकसारखा आला नाही. काही प्रयोगांत शोषण वाढले, काहींत तसूभरही वाढले नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. मुलांसाठी केलेल्या तांदळाच्या पेजेसारख्या खाद्यात हे पेप्टाइड मिसळले, तेव्हा कॅल्शियमचे व जस्ताचे शोषण वाढले. कोंड्यासकट धान्याच्या खाद्यात मिसळले, तेव्हा वाढले नाही. कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला इतके घट्ट आवळते, की पेप्टाइडांचे त्यापुढे काही चालत नाही.

केसीन बाजूला काढल्यावर जे पिवळसर पाणी उरते, त्यातही हाडांना उपयोगी पडू शकतील अशी प्रथिने आढळली आहेत. लॅक्टोफेरिन हे त्यांतले एक. ते अस्थिजनक पेशींना चालना देते व अस्थिभंजक पेशींची निर्मिती रोखते, असे न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००४ साली पेशींवरील व उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. जपानमध्ये या पाण्यातील अल्पशा प्रथिनांचा एक अंश वेगळा काढून ३३ निरोगी स्त्रियांवर प्रयोग झाला. त्यांपैकी काहींना तो अंश रोज ४० मिलिग्रॅम याप्रमाणे सहा महिने दिला, तेव्हा त्यांच्या टाचेच्या हाडाची घनता इतर स्त्रियांच्या मानाने अधिक वाढली, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. फिनलंडमध्ये विशिष्ट जंतूंनी आंबविलेल्या दुधात तयार होणाऱ्या तीन ॲमिनो अम्लांच्या पेप्टाइडांचा अभ्यास झाला आणि तेथेही अस्थिजनक पेशींवर अनुकूल परिणाम दिसला.

हे सर्व वाचताना मन हरखून जाते. परंतु फायलींवर शेरे मारण्याची सवय असलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. पहिला असा, की परीक्षानळीतील पेशी आणि चालताबोलता मनुष्य यांच्यामध्ये जठर, आतडे व यकृत उभे असते. तेथून हा पदार्थ हाडापर्यंत किती पोहोचतो? दुसरा असा, की घनता थोडी वाढली हे खरे, पण हाड मोडण्याचे टळले काय? तेहतीस स्त्रियांच्या सहा महिन्यांच्या प्रयोगातून या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकत नाही. कॅल्शियमच्या बाबतीतही हा धडा मिळालेला आहे. पन्नाशी उलटलेल्या लोकांवरील ५९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१५ साली घेण्यात आला. आहारातून किंवा गोळ्यांतून कॅल्शियम वाढविल्याने हाडांची घनता वाढली, पण ती एक-दोन टक्क्यांच्या आत, आणि पुढील वर्षांत ती वाढत गेली नाही.

मग दुधाने हाड मोडण्याचे टळते काय? या प्रश्नावर दोन मोठे अभ्यास एकमेकांसमोर ठेवण्यासारखे आहेत. स्वीडनमध्ये हजारो स्त्री-पुरुषांची अनेक वर्षे पाहणी करून २०१४ साली असा निष्कर्ष काढण्यात आला, की खूप दूध पिणाऱ्यांची हाडे कमी मोडतात असे दिसत नाही. याच्या उलट ऑस्ट्रेलियातील वृद्धाश्रमांत झालेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. साठ आश्रम, सात हजारांहून अधिक वृद्ध, सरासरी वय ८६. निम्म्या आश्रमांत जेवणातील दूध, दही व चीज वाढविले. त्यामुळे तेथील रहिवाशांना दररोज मिळणारे कॅल्शियम सुमारे ७०० मिलिग्रॅमवरून ११०० च्या पुढे गेले आणि प्रथिनेही वाढली. दोन वर्षांत या आश्रमांत हाडे मोडण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांनी आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले. पडण्याचे प्रमाणही ११ टक्क्यांनी घटले. या प्रयोगास दुग्धव्यवसायातील संस्थांचे अर्थसाहाय्य होते, हेही सांगितले पाहिजे. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही.

मला या दोहोंत विसंगती वाटत नाही. स्वीडनमधील पाहणी ही लोक आपणहून काय पितात याची नोंद होती, आणि दुधाचा तो देश मुळातच सुखवस्तू. ऑस्ट्रेलियातील वृद्धांना ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत होते, पण कॅल्शियम व प्रथिने यांची तूट होती. ती तूट भरून काढताच गुण आला. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतले तर ते वाहून जाते; रिकाम्या रांजणाचे तसे नाही. म्हणून खरा प्रश्न असा, की आपला रांजण कोणत्या अवस्थेत आहे.

भारतीय प्रौढाने दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम घ्यावे, अशी शिफारस भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली केली. त्यापूर्वी हा आकडा ६०० होता. अंगावर पाजणाऱ्या मातेसाठी व रजोनिवृत्त स्त्रीसाठी तो १२०० आहे. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. केवळ दुधावर भागवावयाचे तर पाऊण लिटरहून अधिक दूध लागेल, आणि ते फार थोड्या घरांना परवडेल. पण केवळ दुधावर भागविण्याचे कारणही नाही. एक पेला दुधाचे २४०, वाटीभर दह्याचे सुमारे २००, शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीचे साडेतीनशेच्या आसपास, आणि उरलेले डाळी, शेवग्याचा पाला, तीळ यांतून, असा हिशेब सहज जुळतो. कोकणात काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी तर कॅल्शियमचे भांडारच होय. नाचणी भिजवून, मोड आणून तिचे सत्त्व करण्याची आपल्या आजीची रीत अडाणी नव्हती. मोड आल्याने फायटेट घटते व आवळलेले कॅल्शियम मोकळे होते.

दुधाच्या बाबतीत मात्र आपल्या घरांतील मानपानाची उतरंड हाडांच्या दृष्टीने उलटी आहे. आपण तुपाला पहिला मान देतो. तुपाने हाडांना वंगण मिळते असे सांगतो. वस्तुतः तूप हा निव्वळ स्निग्धांश. कॅल्शियम व केसीन ही दोन्ही द्रव्ये साय काढलेल्या दुधात आणि लोणी काढलेल्या ताकात मागे राहतात. दुधाची तहान ताकावर भागविणे हे आपण दैन्याचे लक्षण मानतो. ताकात पाणी बेताचे असेल तर हाडांची त्यात मुळीच फसवणूक होत नाही. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगले असता जे पाणी गळते, त्यात दह्यातील बरेचसे कॅल्शियम निघून जाते, कारण दह्याच्या आंबटपणाने ते केसीनपासून सुटलेले असते. ते पाणी मोरीत न ओतता त्यात कणीक भिजवावी. ज्यांना दूध पचत नाही त्यांनीही हिरमुसू नये. दुधातील साखर विरजणाच्या जंतूंनी काही अंशी पचविलेली असल्याने दही व ताक अनेकांना सोसते. आणि या साऱ्याला उन्हाची जोड हवी. आपला देश उन्हाचा, पण दिवसभर कचेरीत किंवा स्वयंपाकघरात वावरणाऱ्या माणसाच्या कातडीपर्यंत ते पोहोचत नाही; तेथे ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि मग आलेले कॅल्शियम आतड्यातून नीट उचलले जात नाही. चालणे, ओझे उचलणे यांचीही गरज असते. ज्या हाडावर भार पडतो त्यालाच अस्थिजनक पेशी बळकटी देतात.

पेप्टाइडांच्या नावाने महागड्या भुकट्यांचे डबे बाजारात येतात. संशोधन चालू राहावे आणि उद्या त्यातून काही ठोस हाती आले तर त्याचे स्वागत व्हावे. तोपर्यंत एवढे ध्यानात ठेवावे, की साध्या दुधाचा घोट पोटात गेला म्हणजे हे पेप्टाइड शरीर स्वतःच्या कारखान्यात तयार करते आणि त्यांसोबत कॅल्शियम, फॉस्फेट व उत्तम प्रथिनही येते. डब्याच्या किमतीत किती लिटर दूध येईल, हा त्रैराशिकाचा प्रश्न प्रत्येक गृहिणी सोडवू शकेल.

त्याहून अवघड प्रश्न वाटपाचा आहे. कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेत आयक्रॉइड व कृष्णन यांनी १९३७ साली दाखविले, की भातावर वाढणाऱ्या वसतिगृहातील मुलांना साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे दूध रोज दिले तर त्यांची उंची व वजन इतर मुलांहून अधिक वाढते. कर्नाटक शासनाने २०१३ साली ‘क्षीरभाग्य’ योजनेखाली शाळकरी मुलांना १५० मिलिलिटर दूध देण्यास आरंभ केला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारत दुधाच्या उत्पादनात जगात पहिला आहे. तेव्हा देशात दूध नाही, असे आता म्हणता येणार नाही. पण देशात असलेले दूध घरात येते काय, आणि घरात आलेले दूध कोणाच्या पेल्यात पडते, हे कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

आपल्याकडे दुधाचा पेला बहुधा मुलग्यापुढे येतो. कर्त्या पुरुषाला सायीचे दही मिळते. म्हातारपणी सासऱ्यांना रात्रीचे दूध चुकत नाही. मुलीचे दूध चहात जाते आणि आईच्या वाट्याला भांडे विसळलेले ताक येते. हीच आई गर्भातील मुलाला आणि पुढे अंगावरच्या मुलाला आपल्या शरीरातून कॅल्शियम पुरविते. ठेवीच्या वयात जिच्या खात्यात कमी पडले, तिच्याच खात्यातून उचल अधिक. संसारासाठी तिने हाडांची काडे केली, असे आपण कौतुकाने म्हणतो. तो वाक्प्रचार तिच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरावा, असे आपणांपैकी कोणालाही वाटत नसेल. तो खरा ठरू नये यासाठी लागणारी सामग्री दुर्मीळ नाही: एक पेला दूध, एक वाटी दही, नाचणीची भाकरी आणि थोडे ऊन. ती आज रात्रीपासून घरातील मुलीच्या आणि तिच्या आईच्या ताटात वाढता येईल.